पदवीनंतर थांबावे का?

पदवीनंतर लगेच मुंबई गाठावी की वर्षभर गावी थांबावे, हा आपला प्रश्न वाचून मला माझा एप्रिल आठवला. शेवटचा पेपर देऊन मी वेंगुर्ल्याला परतलो, तेव्हा आई मागील दारी ओले काजू सोलत बसली होती, चिकाने काळवंडलेली बोटे राखेत घोळवत तिने एवढेच विचारले, "आता फुडे काय?" उत्तर नव्हते. (चाकरमानी होणे हेच आमच्याकडे उत्तर समजले जाते.) मी थांबलो, येथील फळ संशोधन केंद्राने विकसित केलेल्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या काजूच्या जातींची कलमे बांधायला शिकलो आणि त्यातूनच रोपवाटिकेकडे वळलो. आपण थांबणार असाल, तर किती महिने, हे घरच्यांना आधीच सांगावे. मी ते सांगितले नव्हते.