ट्रिपचे फोटो: खरं सांगा, काय चुकतंय?

फोटो दाखवले की सगळे नुसतं ‘मस्त’ म्हणतात, त्यातून शिकायला काहीच मिळत नाही. हा किनाऱ्यावरचा सूर्यास्त बघून स्पष्ट सांगा, राग येणार नाही.

> क्षितिज डावीकडे कललंय, ते आधी सरळ कर. रंग छान आलेत, पण पाण्यात पाय बुडवून उभी असलेली ती मुलगी, खरा फोटो तोच आहे, दोन पावलं पुढे जायला हवं होतंस.

> मला तिच्या डोक्यातून वर आलेला खांब खटकला. आणि कडा हलल्यात, शटर किती वेळ उघडं होतं? कॅमेरा हातात धरून १/१२५ सेकंदापेक्षा हळू नको जाऊस, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढला तरी चालेल.

> १/१५ होतं! खांब तर मला दिसलाच नव्हता, थँक्स.

> पुढच्या वेळी तुला काय दाखवायचं होतं तेही लिही ना, नाहीतर आम्ही आपापल्या आवडीचंच सांगत बसतो.