तीन आयोग, तीन मुळं

निवडणूक आयोग, मानवाधिकार आयोग आणि नीती आयोग यांना बऱ्याचदा एकाच रांगेत बसवलं जातं. नाव सारखं असलं तरी मुळं वेगळी आहेत. निवडणूक आयोग राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२४मधून आला. तो मोडायचा तर घटनादुरुस्तीच लागेल. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग १९९३च्या कायद्यावर उभा आहे, म्हणजे संसद साध्या बहुमताने त्याचे अधिकार बदलू शकते. नीती आयोगामागे कायदाही नाही, फक्त १ जानेवारी २०१५चा मंत्रिमंडळाचा ठराव आहे. (दर्जा बदलतोही: केंद्रीय दक्षता आयोग १९६४मध्ये ठरावाने आला, २००३मध्ये त्याला कायद्याचा आधार मिळाला.)

पण खरी अडचण कायदा झाल्यावर सुरू होते. अधिसूचना, नियम, नेमणुका, निधी, यातलं एक अडलं की संस्था कागदावरच राहते. लोकपाल कायदा जानेवारी २०१४मध्ये लागू झाला, पहिले अध्यक्ष आले मार्च २०१९मध्ये! निवड समितीत लोकसभेतला विरोधी पक्षनेता हवा होता आणि ते पद रिकामं होतं. याच कायद्याच्या कलम ४(२)नुसार समितीतली जागा रिकामी म्हणून नेमणूक अवैध ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७मध्येच स्पष्ट केलं होतं. तरी जवळपास दोन वर्षं गेली. म्हणून कुठल्याही विधेयकात स्थापनेच्या कलमाआधी निवड समितीचं कलम वाचा, आणि नेमणुकीला मुदत घातली आहे का ते पाहा.