एनआरआय मालकांचे फ्लॅट भाड्याने सांभाळायचे तर परवाना कोणता? (पुणे)

वाकड_बाणेर
परदेशात असलेल्या सहा मालकांचे फ्लॅट सांभाळायचे आहेत. भाडेकरू शोधणं, करार, भाडं गोळा करणं, दुरुस्ती, सगळंच. मोबदला भाड्याच्या ८ टक्के. महारेराचा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) एजंट नंबर लागेल का, की गुमास्ता (दुकाने-आस्थापना कायद्याखालची नोंद) पुरे?

करारवाला
नुसत्या भाड्याच्या कामाला महारेरा नाही. रेरा कायद्यातला एजंट म्हणजे प्रकल्पातल्या घराची विक्री जुळवणारा. उद्या मालक म्हणाला "विकूनच टाक" आणि प्रकल्प नोंदणीकृत असला, तर मात्र आधी परीक्षा आणि नोंदणी.

गुमास्त्यासाठी छोट्या ऑफिसने ऑनलाइन सूचना दिली की पुरे. व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये. उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटी.

काम अडतं ते मुखत्यारपत्रावर (मालकाने तुम्हाला त्याच्या वतीने काम करायचा दिलेला लेखी अधिकार). 'फ्लॅटची देखभाल करणे' एवढंच लिहिलेलं पत्र सब-रजिस्ट्रारकडून परत येतं. लिव्ह अँड लायसन्सवर (भाडेकरारावर) सही करणे, नोंदणीला हजर राहणे, डिपॉझिट घेणे व परत करणे, नोटीस देणे, मुदत संपल्यावर ताबा मिळवायला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करणे, हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. विक्रीचा अधिकार नाही, हेही स्पष्ट असू द्या. मालक निर्धास्त होतो. सही भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर. कागद भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरायचा. ही मुदत हमखास चुकते, कारण पत्र कुणाच्या तरी कपाटात पडून असतं.

करार तोंडी किंवा नुसता नोटरी केलेला चालत नाही. त्याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी सक्तीची आणि जबाबदारी मालकाची.

टीडीएस_तपासा
मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने टीडीएस (भाडं देतानाच कापायचा आयकर) कापायचा, आणि त्याला किमान रकमेची सूट नाही. ३०,००० भाड्यावर ३१.२ टक्क्यांनी ९,३६० कापले जातात, मालकाला २०,६४०. भाडेकरूला टॅन (कर कापणाऱ्याचा खाते क्रमांक) काढावा लागतो, तिमाही विवरणपत्र भरावं लागतं. हे ऐकूनच निम्मे भाडेकरू पळतात, म्हणून टोकन घेण्याआधी सांगा. मालकाने कमी दराचा दाखला आयकर खात्याकडून काढला तर कपात घटते.

वाकड_बाणेर
भाडं माझ्या खात्यात घेऊन, कमिशन वळतं करून पाठवलं तर?

टीडीएस_तपासा
नको. आयकर खातं तुम्हालाच मालकाचा प्रतिनिधी धरू शकतं आणि जीएसटीत पूर्ण भाडं तुमच्या उलाढालीत ओढलं जाण्याचा वाद उभा राहतो. भाडं थेट मालकाच्या एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं) जाऊ द्या, तुम्ही कमिशनचं वेगळं बिल करा. डिपॉझिटही तिकडेच.

करारवाला
पोलिसांकडे भाडेकरूची माहिती करार झाल्याझाल्या ऑनलाइन भरा. परदेशी भाडेकरू असेल तर परदेशी नागरिकांच्या नोंदणीसाठीची ऑनलाइन माहिती (पूर्वीचा फॉर्म सी) २४ तासांत. सोसायटीला नुसतं कळवायचं. बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावलं तर हरकत घ्या.