मदत हवी आहे : पुरात भिजलेली हॉटेलांची जुनी पोस्टकार्डं

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा. आमचे काका जहाजावर नोकरीला होते. बंदर लागलं की तिथल्या हॉटेलचं पोस्टकार्ड आईच्या नावाने टाकायचे. सिंगापूरचं रॅफल्स, मुंबईचं ताज, अमेरिकेतली तर कितीतरी. पुढे मीही जुन्या बाजारातून त्यात भर घातली.

२०१९ च्या पुरात अल्बम भिजला. वाळवला, पण कार्डं काळ्या पानांना घट्ट चिकटलीत. रॅफल्सचा कोपरा हलकेच उचलला, तर ‘ती. सौ. वहिनीस’ मधला ‘वहिनीस’ पानावरच राहिला. तेव्हापासून हात लावायचा धीर होत नाही.

मागची बाजू मला चित्राइतकीच मोलाची. तारीख नसली तरी तिथून काळ कळतो. मजकूर आणि पत्ता यांच्यामधली उभी रेघ ब्रिटनमध्ये १९०२ पासून आली, अमेरिकेत १९०७ पासून. काही अमेरिकन कार्डं कापडासारखी खरखरीत, ‘लिनन’ म्हणतात ती. त्यांचे रंग अजून टवटवीत आहेत.

वाफ दिली तर शाई फुटेल ना? दातांच्या दोऱ्याने कुणी कार्डं सोडवलीत का? मिरज, कोल्हापूर किंवा पुण्यात जुने कागद दुरुस्त करणारं कुणी माहितीत असेल तर कृपया कळवा. आईला ती अक्षरं पुन्हा वाचायची आहेत.