जेवताना भुंकणारा कुत्रा: दुर्लक्ष केलं तर भुंकणं वाढलं

चिंचगूळ: अडीच वर्षांचा गावठी कुत्रा. ताटं वाढली की शेजारी येऊन भुंकतो. आधी गप्प बसावा म्हणून पोळीचा तुकडा टाकायचो. आठ दिवस दुर्लक्ष करतोय, तर आवाज वाढलाय आणि आता पंजाने मांडी ओरबाडतो. आजोबा म्हणतात, पेपरची गुंडाळी करून एक ठेवून द्या. द्यावी का?

शेपूटशास्त्र: नको. वाढलंय ते अपेक्षितच आहे. मिळणारं बक्षीस अचानक बंद झालं की प्राणी आधी जोर वाढवतो. लिफ्ट आली नाही की आपणही बटण चारदा दाबतोच. मानसशास्त्रात बक्षीस थांबवून सवय मोडण्याला विलोपन म्हणतात. यात घात एकच: अगदी टिपेला असताना वैतागून तुकडा दिलात, तर ‘एवढं भुंकल्यावर मिळतं’ हा धडा पक्का.

खरं सांगा, या आठ दिवसांत एकानेही काही दिलं नाही?

चिंचगूळ: आजोबांनी दोनदा दिलंय. हळूच, टेबलाखालून.

शेपूटशास्त्र: मग हे विलोपन नाहीच, अधूनमधून मिळणारं बक्षीस आहे. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगांत कळ दाबली की दर वेळी दाणा मिळालेले उंदीर दाणा थांबल्यावर ती दाबणं लवकर सोडत. कधी मिळे, कधी नाही, असे शिकलेले उंदीर कितीतरी वेळ दाबत राहत. दोन तुकड्यांनी तुमचं काम लांबवलं. आणि गंमत बघा: तुकडा टाकला की कटकट थांबते, म्हणजे बक्षीस तुम्हालाही मिळतंय. कुत्र्यानेच तुम्हाला शिकवलंय!

उंबरठा: नुसतं दुर्लक्ष अपुरं, त्याला दुसरं काम द्या. दाराजवळ जुनी सतरंजी टाका. पहिले ३-४ दिवस जेवणाची वेळ सोडून, ३ ते ५ मिनिटांचे सराव. सतरंजीवर बसला की एका सेकंदात वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा, तोही सतरंजीवरच ठेवायचा. उशीर झाला तर ते उठण्याचं बक्षीस होतं. नंतर तुकड्याआधी थांबायचा वेळ ५ सेकंद, १०, ४, २० असा वरखाली करा. सारखं वाढवत नेलं तर उठून जातो. मग रिकामं ताट घेऊन बसा, मग खरं जेवण. उठला तर एक पायरी मागे. खाऊ दिवसाच्या आहाराच्या दहाव्या भागापलीकडे नको. कांदा, लसूण, मनुका अजिबात नाही, म्हणजे ताटातली भाजीही बाद.

काटकसर: गुंडाळीबद्दल: थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने आधी बक्षीस आणि शिक्षा सारख्याच ताकदीचे मानले होते, १९३० च्या दशकात त्यानेच शिक्षेचं वजन कमी केलं. फटका ‘काय करू नको’ एवढंच सांगतो, तेही मारणारा समोर असेपर्यंत. शिवाय गुरगुरण्यावर मार बसला तर तो गुरगुरणं सोडून थेट चावू शकतो. ओरडणंही टाळा, काहींना तेही लक्ष वाटतं.

चिंचगूळ: आणि आजोबांचं काय?

उंबरठा: त्यांना थांबवू नका, कामाला लावा. खाऊचा डबा त्यांच्याकडेच. अट एकच: तुकडा टेबलाखाली नाही, सतरंजीवर, तो गप्प असताना. महिनाभराने अचानक पुन्हा भुंकला तर दचकू नका, विझलेली सवय अशी डोकावते. त्या दिवशीही काही द्यायचं नाही.