स्पीडवे : एकच रायडर तीन-तीन क्लबकडून कसा काय खेळतो? आणि हा 'गेस्ट' कोण?

साताऱ्याची_लेक

नमस्कार मंडळी, इथे मोटरस्पोर्टवाले बरेच आहेत म्हणून विचारते. आम्ही दोन वर्षांपासून इंग्लंडमध्ये मिडलँड्सला आहोत आणि माझ्या लेकाला (वय नऊ) स्पीडवेचं प्रचंड वेड लागलंय. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, लंबगोल मातीचा ट्रॅक, चार रायडर, चार लॅप, गाडीला ब्रेकच नाही, वळणावर मागचं चाक घसरवत घसरवतच गाडी वळवायची आणि मिनिटभरात हीट संपली की लगेच पुढची, अशा पंधरा हीट. पहिल्याला 3, दुसऱ्याला 2, तिसऱ्याला 1 आणि शेवटच्याला भोपळा. यजमान टीमची हेल्मेट लाल आणि निळी, पाहुण्यांची पांढरी आणि पिवळी. लेक हातात प्रोग्रॅम आणि पेन घेऊन प्रत्येक हीटचे पॉइंट स्वतः भरतो, एकही चौकट रिकामी ठेवत नाही.

तर झालं असं की गेल्या महिन्यात त्याने आपल्या क्लबच्या एक नंबरच्या रायडरसाठी पुठ्ठ्याचा मोठा बोर्ड रंगवला, दोन दिवस खपून. मैदानावर गेलो तर कळलं तो आलाच नाही, दुसऱ्या देशात मॅच आहे म्हणे. त्याच्या जागी 'गेस्ट'. बरं तो गेस्ट छान खेळला, आपल्याला अकरा पॉइंट काढून दिले, लेकाने टाळ्याही वाजवल्या. आणि पुढच्या आठवड्यात तोच माणूस समोरच्या टीमकडून आला, कारण मुळात तो त्यांचाच!! लेक मला विचारतो, "आई, हा आपला का त्यांचा?" मला उत्तर देता आलं नाही.

तिकिटाचे पैसे सोडा, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक रायडर एकाच सीझनमध्ये इंग्लंड, पोलंड, स्वीडन असा सगळीकडे सही करतो, हे चालतं कसं? ज्या क्लबच्या नावाने आपण ओरडतो त्याच्याशी ह्या लोकांचं नातं काय असतं? कुणी नीट समजावून सांगेल का, मला लेकाला सांगायचंय. क्लबचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

मिरजेचा_मंदार

ताई, मी पोलंडला व्रोत्स्वाफमध्ये असतो, आयटीत. इथे स्पीडवे म्हणजे आपल्याकडच्या क्रिकेटसारखं आहे असं म्हटलं तरी चालेल, ऑलिम्पिक स्टेडियमवर इथल्या स्पार्ता क्लबची मॅच असली की त्या दिवशी ट्रॅममध्ये पाय ठेवायला जागा नसते, आजोबा-नातू सगळे गळ्यात स्कार्फ घालून.

आधी आठवडा समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. ब्रिटनची वरची लीग मुख्यतः सोमवार आणि गुरुवार. स्वीडन मंगळवार. डेन्मार्क साधारण बुधवार. पोलंडची एक्स्ट्रालीगा शुक्रवार आणि रविवार. शनिवारी ज्यांना जागा मिळालीय त्यांची ग्रांप्री, म्हणजे विश्वविजेतेपदाची मालिका. म्हणजे वार मुद्दाम असे वाटलेत की एकच माणूस सगळीकडे पोचू शकेल. रायडर विमानाने फिरतो, मेकॅनिक व्हॅन घेऊन रस्त्याने, आणि मोठ्या रायडरच्या गाड्या प्रत्येक देशात वेगळ्या ठेवलेल्या असतात, कारण रविवारी रात्री पोलंडात धुतलेली गाडी सोमवारी संध्याकाळी मँचेस्टरच्या पिटमध्ये पोचवणं म्हणजे जिवावरचं काम.

आणि हे का करतात तर क्लब त्यांना गाडी देत नाही. इंजिन, टायर, मिथेनॉल जाळून झिजलेलं पिस्टन, मेकॅनिकचा पगार, व्हॅनचं डिझेल, सगळं रायडरच्या खिशातून आणि त्याच्या स्पॉन्सरकडून. तो क्लबचा नोकर नाही, स्वतःचा धंदा करणारा माणूस आहे, आणि कमाई बरीचशी पॉइंटमागे. पडला आणि कॉलरबोन मोडलं तर सहा आठवडे शून्य. एका लीगमध्ये आठवड्याला एक-दोन मॅच, त्यातही पाऊस आला की रद्द, एवढ्यावर हा डोलारा चालत नाही. पोलंडमध्ये पैसा सगळ्यात जास्त, म्हणून पोलंडचा वार आधी धरतात आणि बाकीचं त्याच्याभोवती बसवतात.

गडबड होते ती पावसाने. रद्द झालेली मॅच दुसऱ्या वारी टाकावी लागते, आणि तो वार दुसऱ्या कुठल्यातरी देशाचा असतो. तुमचा एक नंबरवाला बहुतेक असाच अडकला असेल.

नेपथ्य_ठाणे

स्पीडवे मला ओ की ठो कळत नाही, पण ताई तुमची पोस्ट वाचून एकदम आमचं नाटक आठवलं. मी पंधरा वर्षं नाटकांचं नेपथ्य लावतो. एकच नट दोन नाटकांत, एक मालिका, शिवाय सिनेमाचं शूटिंग, आणि आमचा निर्माता रोज सकाळी फोन घेऊन तारखा जुळवत बसलेला. गडकरीला शनिवारी दुपारचा प्रयोग आहे, नट फिल्मसिटीत अडकला, मग रिप्लेसमेंट. बुकिंगला येणारा पहिला प्रश्न तोच, "ओरिजिनल संच आहे ना?" आणि आम्ही बोर्डावर लिहितो तसं, प्रामाणिकपणे, कोण नाही ते.

रिप्लेसमेंटवाला कधीकधी जीव ओतून काम करतो हो, त्याच्यावर राग काढू नये. पण प्रेक्षकाला आधी सांगितलं पाहिजे. तुमच्या क्लबने मॅचच्या आधी लाइनअप जाहीर केली होती का?

साताऱ्याची_लेक

@नेपथ्य_ठाणे हो, वेबसाइटवर होती म्हणे, मीच बघितली नाही. रिप्लेसमेंट म्हटल्यावर मात्र मला एकदम कळलं!! आमच्या साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात असे कितीतरी प्रयोग बघितलेत.

रंकाळा_एक्सप्रेस

मला हे पटत नाही, स्पष्टच सांगतो. आमच्या कोल्हापुरात फुटबॉलला शाहू स्टेडियम भरतं ते कशामुळं, तर पाटाकडीलचा पोरगा पाटाकडीलचा आणि शिवाजी तरुण मंडळाचा पोरगा शिवाजीचा, सीझनभर एका तालमीचा शर्ट. पुढच्या वर्षी बदलला तर पेठेत चार दिवस चर्चा होते, लोक नाराज पण होतात, पण निदान त्या वर्षी तरी माणूस आपला असतो. आज आमच्याकडनं गोल मारला आणि पुढच्या रविवारी आमच्यावरच मारला, असं आमच्याकडं झालं तर काय होईल तुम्हीच विचार करा. त्या बारक्यानं बरोबर प्रश्न विचारलाय. पैशाचं कारण खरं असेल, पण मग क्लबनं त्या पोराला सांगावं ना की बाबा हा आमच्याकडं फक्त सोमवारी असतो. परदेशात दुसऱ्या क्लबकडून खेळतोय ते एक वेळ समजू शकतो, पण एकाच लीगमधला, समोरच्या टीमचा माणूस उसना घ्यायचा हे काय?

इप्सविचचे_काका

रंकाळा, तुझा राग समजतो रे, मी मूळचा सांगलीचा. पण इथे 1979 पासून आहे, तेव्हा थोडं जुनं सांगतो.

मी आलो तेव्हा जगातले सगळे मोठे रायडर ब्रिटनमध्येच राहायचे आणि इथल्याच एका क्लबला पूर्ण सीझन द्यायचे. न्यूझीलंडचा आयव्हन मॉगर, डेन्मार्कचा ओले ओल्सेन, नंतर हान्स नील्सन. तेव्हा एक रायडर एक क्लब हे बरंचसं खरं होतं, कारण पैसा इथेच होता. पोलंडची लीग लोखंडी पडद्यामागे. तो पडदा हटला आणि 1990 ला हान्स नील्सन पोलंडमधल्या लुब्लिनच्या 'मोटर' नावाच्या क्लबकडून खेळायला गेला. त्यानंतर हळूहळू पैसा, प्रेक्षक, टीव्ही सगळं तिकडे सरकलं आणि ब्रिटन मागे पडलं. इथले क्लब आता जगातल्या पहिल्या दहातल्या रायडरला फक्त आपल्यासाठी बांधून ठेवूच शकत नाहीत. मग त्याला वाटून घ्यायचा किंवा त्याच्याशिवाय राहायचं, हेच दोन रस्ते. मला विचाराल तर वाटून घेतलेला बरा. आमच्या इप्सविचच्या फॉक्सहॉल ट्रॅकवर एमिल सैफुत्दिनोव आणि जेसन डॉयल एकाच टीममध्ये बघितले, डॉयल तर 2017 चा विश्वविजेता. हे लोक फक्त इथे खेळायचं म्हटलं असतं तर कधीच आले नसते.

आता गेस्टचं. ब्रिटनमध्ये प्रत्येक रायडरचं ॲव्हरेज काढतात. एकूण पॉइंट (आपल्याच जोडीदाराच्या मागोमाग विरोधकाला मागे टाकून आला तर त्याचा बोनस धरून) भागिले एकूण राइड, गुणिले चार. समजा कुणी 30 राइडमध्ये 57 पॉइंट काढले, तर 57 ला 30 ने भागून चारने गुणा, 7.60. सीझनच्या आधी सात जणांच्या टीमची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या आत बसवावी लागते, म्हणून सगळे तगडे एका क्लबला घेता येत नाहीत. आणि कुणी नसला तर त्याच्या जागी साधारण तेवढ्याच किंवा कमी ॲव्हरेजचा दुसऱ्या क्लबचा रायडर त्या एका संध्याकाळपुरता आणायचा, तो गेस्ट. नाहीतर रायडर रिप्लेसमेंट, म्हणजे कुणालाच आणायचं नाही, त्याच्या चार राइड आपल्याच बाकीच्या पोरांनी एकेक वाटून घ्यायच्या. प्रोग्रॅममध्ये इंग्रजी आर-आर लिहिलेलं दिसेल ते हेच.

मला स्वतःला आर-आर जास्त आवडतं. मॅच हरली तरी आपल्या पोरांनी हरली. सहा नंबरचा एखादा विशीतला पोरगा, ज्याला एरवी मोठ्या रायडरांसमोर उभं राहायची संधी मिळत नाही, तो एक नंबरच्या जागी टेपला (स्टार्टच्या फितीपाशी) येतो, हात थरथरत असतात, क्लच सोडतो आणि पहिल्या वळणावर सगळ्यांच्या आत घुसतो. असा एक प्रसंग मी स्वतः रेलिंगला टेकून बघितलाय, सगळं स्टँड उभं राहिलं होतं. तो आनंद गेस्ट देऊ शकत नाही. पण मॅनेजरची अडचण अशी की टीममध्ये आधीच दोघं जखमी असतील तर त्या राइड घेणार कोण? मग गेस्टशिवाय मॅच होतच नाही. फिक्स्चर वाचवण्यासाठी ही सोय आहे, कुणी हौस म्हणून करत नाही.

मिरजेचा_मंदार

काका, मस्त लिहिलंत. पोलंडमध्ये ब्रिटनसारखी गेस्टची पद्धत नाही, दुसऱ्या टीमचा माणूस आपल्या टीममध्ये दिसत नाही, जखमी असेल तर त्याच्या राइड टीमच्याच लोकांनी घ्यायच्या. त्यामुळे रंकाळा म्हणतात तशी निष्ठा इथे जास्त दिसते. पोलंडचा विश्वविजेता बार्तोश झ्मार्झलिक गोझूफचा क्लब सोडून 2023 ला लुब्लिनला गेला तेव्हा गोझूफच्या लोकांना किती लागलं ते इथल्या ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याकडून रोज ऐकायचो, घरातला मुलगा वेगळा राहायला गेल्यासारखं बोलायचा.

पण सगळीकडे धावणाऱ्या रायडरला कमी लेखू नका. 2025 ला ब्रेडी कर्ट्झ आणि डॅन ब्युली दोघंही आमच्या स्पार्ताकडून आणि शिवाय मँचेस्टरच्या बेल व्ह्यूकडून खेळत होते. त्याच वर्षी कर्ट्झने ग्रांप्रीच्या लागोपाठ पाच फेऱ्या जिंकल्या आणि डेन्मार्कमध्ये व्होयेन्सला शेवटच्या फेरीत फक्त एका पॉइंटने विश्वविजेतेपद हुकलं, झ्मार्झलिकचं ते सहावं. दोन देशांच्या लीग सांभाळून एवढं करणारा माणूस कुठल्याही क्लबला अर्धा जीव देत असेल असं मला बघताना कधी वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र काळजीची आहे. रविवारी रात्री दहाला मॅच संपते, पहाटे विमान, सोमवारी परत टेपवर. ब्रेक नसलेली गाडी, वळणावर पाच-दहा सेंटिमीटरचा हिशोब, झोप झालेली नसेल तर? ह्यावर मर्यादा हवी असं माझं ठाम मत आहे, चाहत्यांच्या सोयीसाठी नाही, त्या पोरांच्या हाडांसाठी.

रंकाळा_एक्सप्रेस

मंदार, हा शेवटचा मुद्दा पटला. गेस्टबद्दलचं मत बदललेलं नाही, आर-आरच्या बाजूनं माझं मत धरा. काकांनी सांगितला तो पोरगा पुढं काय झाला?

इप्सविचचे_काका

पुढच्या सीझनला तो खालच्या लीगमधल्या टीममध्ये एक नंबरचा रायडर झाला, आणि वरच्या लीगच्या टीममध्येही राखीव. इथे त्याला डबलिंग अप म्हणतात. म्हणजे तोही दोन क्लबचा झाला बघ. पण त्याला दर आठवड्याला दुप्पट राइड मिळाल्या आणि त्याचं ॲव्हरेज सुधारलं. तरुण पोरांसाठी दोन क्लब म्हणजे शिक्षण असतं.

साताऱ्याची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल लेकाला बसवून काकांचं 57 भागिले 30 करून दाखवलं, आता तो घरातल्या जुन्या सगळ्या प्रोग्रॅममधून प्रत्येक रायडरचं ॲव्हरेज काढतोय, गणिताची वही भरली. गेस्टचं सांगितल्यावर थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग त्या दिवशीचे अकरा पॉइंट आपलेच ना?" म्हटलं हो, आपलेच. त्याने प्रोग्रॅममध्ये त्या नावापुढे छोटा 'ग' लिहिलाय.

सोमवारी परत जातोय, ह्या वेळी लाइनअप सकाळीच बघितली, एक नंबरवाला आहे!! पुठ्ठ्याचा बोर्ड जपून ठेवलाय. काका, उभं कुठे राहायचं म्हणजे जवळून दिसेल?

इप्सविचचे_काका

पहिल्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला सगळ्यात जवळून दिसतं, पण तिथे माती अंगावर येते, लेकाला साधा प्लास्टिकचा चश्मा घाल आणि चहाच्या कपावर झाकण ठेव. आणि अर्धा तास आधी पोचा, पिटच्या कुंपणापाशी गाड्या गरम करताना बघायला मिळतात. लहान पोरं दिसली की बरेच रायडर बोलावून सही देतात. बोर्ड तिथेच दाखव त्याला.