चकली-शेवेचं युनिट वाढतंय, आधी कशाला हात घालू?

घाणाकार: सात माणसांचं युनिट, विक्री महिन्याला साधारण ९ लाख. कढईवर दिवसाला २४० किलो निघतो, पण ती आठवड्यातून चारच दिवस पेटते. पॅकिंगला सहा दिवस एक काटा, एक बॅण्ड सीलर (पट्ट्यावरून जाणाऱ्या पाकिटाचं तोंड तापवून बंद करणारं मशीन), दोन बायका. २०० ग्रॅमची पाकिटं. कटकटी अशा: शंभरातली सहा पाकिटं परत येतात (चकली सादळली, नाहीतर खवट), दुकानदार ६० दिवसांनी पैसे देतात, ऑर्डरी तीन फोनवर येतात आणि चुकतात. दुसऱ्या कढईचं कोटेशन साडेचार लाखांचं आहे. घेऊ का?

काटामाप: कढई नको. पॅकिंगला मिनिटाला दोन पाकिटं धरा. तासाला २४ किलो, सात तासांत १६८. म्हणजे कढई पेटते त्या प्रत्येक दिवशी ७२ किलो मागे पडतो आणि चौथ्या संध्याकाळी २८८ किलो माल ट्रेमध्ये उघडा असतो. तुमची चकली तिथेच सादळते. पावसाळ्यात तर विचारूच नका. दुसरी कढई आली की फक्त हा ढीग वाढेल.

सीलरशेजारी तासभर उभं राहून बघा. पट्टा बहुतेक रिकामा फिरत असेल, कारण अडतंय ते वजन करण्यात. एक काटा आणि एक बाई वाढवा. मग कढई रोज, पण १६८च्या आसपासच चालवा; पॅकिंगचा वेग वाढेल तसे घाणे वाढवा.

मोहन_कमी: परत आलेला माल आधी दोन ढिगांत वेगळा करा. सादळलेला आणि खवट ही दोन वेगळी दुखणी आहेत.

सादळलेलं पाकीट बादलीत बुडवून दाबा. बुडबुडे आले तर सील गळतंय. बहुधा तोंडाशी शेवेचा चुरा किंवा तेल अडकलेलं असतं. भरताना फनेल वापरा. बुडबुडे नसतील तर माल गरम भरलाय किंवा ट्रेमध्येच ओल धरलीये. तळल्यावर पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि त्याच दिवशी भरा.

खवट असेल तर तेल बघा. एकूण ध्रुवीय घटक (तेल तापून बिघडलं की त्यात वाढणारे पदार्थ) २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरता येत नाही, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे. जुन्यात नवं ओतत राहिलं की नवंही लवकर बिघडतं. साधी पारदर्शक पिशवी असेल तर तीही बदला, उजेडाने तेल खवटतं.

खातेवही: वरचं पटलं, पण उधारी मागे ढकलू नका. ९ लाख विक्रीवर ६० दिवस म्हणजे १८ लाख बाहेर. विक्री १३ लाख झाली की २६. वाढीव ८ लाख कुठून आणणार? उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर २००६च्या एमएसएमई, म्हणजे लघुउद्योगांच्या, कायद्याने पैसे मिळायला लेखी करार असला तरी कमाल ४५ दिवस, करार नसेल तर १५. दुकानदाराशी कोर्टकचेरी कोण करणार म्हणा. पण बिलावर मुदत छापा आणि ४५ ओलांडणाऱ्याला पुढचा माल रोखीनेच. ऑर्डरींसाठी एकच नंबर ठेवा, ते आजच होईल.

घाणाकार: कढई रद्द. मग त्या पैशात पाकिटात हवेऐवजी नायट्रोजन भरणारं मशीन?

मोहन_कमी: बादलीची चाचणी झाल्यावर. सील गळकं असेल तर नायट्रोजन दुकानात पोचायच्या आत निघून जाईल.